किडनी कचरा काढते, घाम गारवा देतो: दोघांकडे घरच्या घरी नीट लक्ष कसं ठेवायचं

लॅबमध्ये सँपल द्यायला येणाऱ्यांकडून एक प्रश्न सारखा कानावर येतो, की रोज भरपूर घाम काढला तर शरीरातली घाण घामावाटे निघून जाईल आणि किडनीवरचा ताण कमी होईल, हे खरंय का? विचारणाऱ्याचं क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते जोखायला रक्तात मोजतात तो कचरा) बहुतेक वेळा नुकतंच वाढलेलं आलेलं असतं, तो घाबरलेला असतो आणि मनापासून काहीतरी करायला तयार असतो, म्हणून याला घाईघाईत हो-नाही म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही. उत्तर असं आहे की रक्तातला कचरा काढायचं काम जवळजवळ सगळं किडनीच करते. त्वचेचं मुख्य काम शरीर थंड ठेवायचं, त्या नादात थोडाफार कचरा घामाबरोबर जातो इतकंच. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की लघवीकडे कसं बघायचं, पाणी किती प्यायचं, कुठली टेस्ट कधी करायची हे सगळं खूप सोपं होतं, म्हणून आधी थोडं आत काय चालतं ते बघू आणि मग घरी काय करायचं त्याकडे वळू.

कचरा म्हणजे नेमकं काय

खाल्लेल्या प्रोटीनमधलं लागेल तेवढं शरीर वापरतं आणि उरलेलं मोडतं, मोडताना अमोनिया तयार होतो. अमोनिया मेंदूला फार वाईट, तो रक्तात साठून चालतच नाही, म्हणून लिव्हर लगेच त्याचा युरिया करून टाकतं, जो पाण्यात सहज विरघळतो आणि रक्तातून किडनीपर्यंत निमूट जातो. दुसरं क्रिएटिनिन. ते स्नायूंमधून येतं, एकाच माणसात रोज साधारण तेवढंच तयार होतं, म्हणून किडनी कशी चाललीय ते मोजायला सोयीचं पडतं. तिसरं युरिक ॲसिड, पेशींच्या डीएनएमधले प्युरिन मोडून होतं, जास्त झालं की सांध्यात त्याचे बारीक स्फटिक बसतात आणि गाऊटचं दुखणं मागे लागतं, किंवा मुतखडा होतो. याशिवाय जास्तीचं मीठ, पोटॅशियम, ॲसिड, घेतलेल्या गोळ्यांचे अवशेष हेही किडनीच्याच खात्यात.

कार्बन डायऑक्साइड श्वासातून जातो. आणि शौचावाटे जातं ते मुख्यतः न पचलेलं अन्न, आतड्यातले जंतू आणि पित्तातून आलेल्या काही गोष्टी. त्यामुळे जुलाबाचं औषध घेऊन पोट रिकामं केलं म्हणून रक्तातला युरिया-क्रिएटिनिन उतरत नाही, उलट पाणी कमी होऊन तो वाढू शकतो. हे मुद्दाम लिहितेय कारण असं करून टेस्टला येणारे लोक असतात.

किडनी हे करते कसं

दोन्ही किडन्या पाठीच्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, प्रत्येकी १० ते १२ सेंटीमीटर लांब, उजवी जरा खाली कारण तिच्या वर लिव्हर आहे. दोघींचं मिळून वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा अवयवांकडे हृदयातून निघालेल्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा जातो, म्हणजे दर मिनिटाला एक लिटरच्या वर. प्रत्येक किडनीत सरासरी १० लाख नेफ्रॉन असतात (माणसामाणसात यात खूप फरक असतो), आणि जन्मानंतर नवीन नेफ्रॉन तयार होत नाही. गेला तो गेला, त्याचं काम उरलेल्यांवर पडतं.

नेफ्रॉनच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो, ग्लोमेरुलस म्हणतात त्याला, आणि त्याच्याभोवतीचं आवरण म्हणजे बोमन कॅप्सूल, विल्यम बोमन या इंग्लिश सर्जनने १८४२ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं होतं. गुच्छातल्या रक्ताच्या दाबाने पाणी, मीठ, ग्लुकोज, युरिया असं सगळं बारीक सारीक आवरणात ढकललं जातं, रक्तपेशी आणि मोठी प्रोटीन्स मात्र रक्तातच राहतात. दिवसभरात असं गाळलं जाणारं पाणी भरतं सुमारे १८० लिटर! अंगात प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, असतो तीन लिटरच्या आसपास, म्हणजे तो सगळा दिवसातून साठएक वेळा गाळून निघतो.

आता १८० लिटर लघवी तर आपण करत नाही, तर मग बाकीचं जातं कुठे? परत रक्तात. गाळलेलं पाणी पुढे एका लांब नळीतून जातं, तिच्या पहिल्याच भागात जवळपास दोन तृतीयांश पाणी आणि मीठ आणि सगळं ग्लुकोज परत घेतलं जातं, नंतर हेन्लेचा वळसा लागतो जिथे किडनीचा आतला भाग खारट ठेवायची व्यवस्था असते, आणि शेवटच्या नळीत मेंदूकडून आलेलं एडीएच हार्मोन ठरवतं की अजून किती पाणी परत घ्यायचं. उरते ती दिवसाची एक ते दोन लिटर लघवी.

मला यातला सगळ्यात आवडणारा भाग हा की किडनी कचरा शोधत बसत नाही. गच्च भरलेलं कपाट आवरताना आपण सगळं बाहेर काढतो आणि हवं तेवढंच परत आत ठेवतो ना, तशीच तिची पद्धत. आधी सगळं बाहेर, मग कामाचं आत. त्यामुळे शरीराने आजवर कधी न पाहिलेलं एखादं नवं रसायन आलं, तरी ते पाण्यात विरघळणारं आणि पुरेसं लहान असलं, आणि परत घ्यायच्या यादीत नसलं, तर ते आपसूक बाहेर जातं. शिवाय काही औषधं किडनी थेट रक्तातून ओढून नळीत टाकते. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला पहिल्यावहिल्या पेशंटना पेनिसिलिन दिलं तेव्हा ते इतक्या झपाट्याने लघवीतून निघून जायचं, आणि औषध इतकं दुर्मिळ होतं, की पेशंटची लघवी गोळा करून त्यातून पेनिसिलिन परत काढून वापरलं होतं.

सफाईखेरीज किडनी बीपी सांभाळायला मदत करते, लाल रक्तपेशी बनवायचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन बनवते, व्हिटॅमिन डी कामाला येईल अशा रूपात आणते. म्हणून किडनी खूप बिघडली की नुसता युरिया वाढत नाही, हिमोग्लोबिनही उतरतं आणि हाडंही कमजोर होतात.

किडनीपासून मूत्राशयापर्यंत २५ ते ३० सेंटीमीटरच्या दोन नळ्या, त्यांच्या भिंती आकुंचन पावून लघवी खाली ढकलतात. मूत्राशयात दीडशे-दोनशे मिली जमली की जाणीव व्हायला लागते, चारशे-पाचशेला माणूस बेचैन होतो. पुढची नळी बायकांमध्ये जेमतेम ४ सेंटीमीटर, पुरुषांत २० च्या आसपास, बाहेरचे जंतू मूत्राशयापर्यंत पोचायला बायकांमध्ये अंतरच कमी पडतं, म्हणून त्यांना लघवीचं इन्फेक्शन जास्त वेळा होतं. यात अस्वच्छतेचा ठपका ठेवायचं काही कारण नाही.

आता घामाचं बघू

अंगभर २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात, तळहात, तळपाय आणि कपाळावर जास्त दाट. यातून येणारा घाम ९९ टक्के पाणी, बाकी मुख्यतः मीठ, आणि थोडा युरिया, लॅक्टेट, अमोनिया. ग्रंथीच्या तळाशी घाम तयार होतो तेव्हा तो रक्ताइतकाच खारट असतो, वर येता येता नळी त्यातलं बरंचसं मीठ परत घेते. रोज उष्णतेत काम करायला लागलं की एक-दोन आठवड्यांत शरीर सरावतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. काखेतल्या आणि जांघेतल्या ग्रंथी वेगळ्या जातीच्या, त्यांचा घाम थोडा तेलकट, त्याला स्वतःचा फारसा वास नसतो, कातडीवरचे जंतू तो खातात तेव्हा वास येतो. म्हणून घामाला वास येतोय म्हणजे रक्त अशुद्ध आहे हा समज काढून टाका.

घाम थंडावा देतो तो वाळताना. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातली जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, ही चांगली मोठी रक्कम आहे. पण तोच घाम नुसता टपकला किंवा टॉवेलने टिपला तर गारवा जवळपास शून्य. दमट हवेत जीव नकोसा होतो तो याचमुळे, पाणी आणि मीठ जात राहतं पण घाम वाळत नाही.

आणि कचऱ्याचं म्हणाल, तर किडनी दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम युरिया बाहेर टाकते, त्यापुढे लिटरभर घामातून जाणारा युरिया किरकोळ आणि क्रिएटिनिन तर नावालाच. डायलिसिस मिळत नसे त्या काळात किडनी पूर्ण बंद पडलेल्या पेशंटच्या कपाळावर, दाढीच्या खुंटांत घाम वाळून पांढरी भुकटी जमायची, तो युरियाच असायचा. म्हणजे त्वचेतून युरिया निघत होता हे तर डोळ्यांना दिसत होतं, पण त्याने पेशंट वाचत नव्हते. १९४३ मध्ये विलेम कोल्फ या डच डॉक्टरने डायलिसिसचं मशीन उभं केलं तिथून चित्र पालटायला सुरुवात झाली.

याच्या उलट्या बाजूने जास्त सावध राहायला हवं. खूप घाम काढला आणि पाणी भरून काढलं नाही तर अंगातलं पाणी घटतं, किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं आणि तिचं गाळणंच मंदावतं. म्हणजे ज्याचं क्रिएटिनिन आधीच वाढलंय त्याने सॉनात बसून किंवा प्लास्टिकचा सूट घालून पळून घाम काढणं हे किडनीला मदत करण्याच्या नेमकं विरुद्ध आहे. व्यायाम जरूर करा, त्याने बीपी आणि शुगर आटोक्यात राहते आणि त्याचाच किडनीला खरा फायदा होतो. किती घाम आला यावर त्याची किंमत ठरत नाही.

लघवीकडे बघायची सवय

लोकांना याची लाज वाटते, पण शरीर रोज फुकटात रिपोर्ट देत असतं आणि आपण न बघता फ्लश करतो. सकाळची पहिली लघवी गडदच असणार, रात्रभर पाणी पोटात गेलेलं नसतं, त्यामुळे अंदाज घ्यायचा तो दुपारच्या लघवीवरून. फिकट पिवळी, गवताच्या काडीच्या रंगाची असली की ठीक. गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय. एकदम पाण्यासारखी, काहीच रंग नसलेली दिवसभर येत असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी पिताय, त्यात कमावण्यासारखं काही नाही. बी कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की झगझगीत पिवळी होते, ते त्यातलं रायबोफ्लेविन, म्हणजे व्हिटॅमिन बी२, घाबरू नका. बीट खाल्ल्यावर काहींना गुलाबी होते, टीबीच्या रिफाम्पिसिनने नारिंगी होते, तेही ठीक.

असं काही खाल्लेलं किंवा घेतलेलं नसताना लाल किंवा गुलाबी दिसली तर एकदाच दिसली आणि दुखत नव्हतं तरी डॉक्टरकडे जा. दुखत नाही म्हणून सोडून देणं इथे सगळ्यात धोक्याचं, कारण मूत्राशयाच्या किंवा किडनीच्या कॅन्सरची सुरुवात बऱ्याचदा अशीच, न दुखता रक्त जाऊन होते, आणि मग दोन महिने काहीच दिसत नाही. कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद आली तर कावीळ, किडनीतलं रक्त, किंवा अतिश्रमाने स्नायू मोडून त्यातलं मायोग्लोबिन उतरणं, यातलं काहीही असू शकतं आणि कुठलंच घरी थांबण्यासारखं नाही. बऱ्याच दिवसांनी जिममध्ये जाऊन एकदम प्रचंड व्यायाम केला, अंग लाकडासारखं दुखतंय आणि लघवी कोलासारखी आली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

फेसाचं थोडं वेगळं. जोरात धार पडली की फेस येतोच, तो मिनिटाभरात विरतो. पण बारीक दाट फेस फ्लश केल्यावरही चिकटून राहत असेल, आणि हे रोजच होत असेल, तर लघवीतून प्रोटीन जात असण्याची शक्यता असते, त्याची टेस्ट खाली लिहिलीय. जळजळ, सारखी लागणं, थेंब थेंब होणं ही इन्फेक्शनची लक्षणं, उन्हाळी लागलीय म्हणून नुसतं थंड पीत दिवस काढू नका, एक-दोन दिवसांत उतरलं नाही तर लघवी तपासून घ्या. त्यात थंडी वाजून ताप आला आणि पाठीत बरगडीखाली एका बाजूला दुखायला लागलं तर जंतू किडनीपर्यंत चढले असं समजून लगेच निघा.

एक दिवस मोजून बघा

सुट्टीचा दिवस घ्या, मापाच्या खुणा असलेला एक जुना मग बाथरूममध्ये ठेवा आणि २४ तासांत प्रत्येक वेळी किती मिली झाली आणि किती वाजता ते वहीत लिहा, जोडीला काय काय प्यायलो तेही. बेरीज ८०० मिली ते दोन लिटरच्या दरम्यान आली तर बहुतेकांसाठी नॉर्मल. तीन लिटरच्या वर जातेय आणि तुम्ही मुद्दाम ढसाढसा पाणी पीत नाही आहात तर शुगर तपासा. ४०० मिलीच्या खाली असेल तर ते फारच कमी, थांबू नका. वय साठीच्या पुढे असेल आणि दिवसभराच्या एकूण लघवीपैकी एक तृतीयांशापेक्षा जास्त झोपेच्या वेळात होत असेल तर तीच वही डॉक्टरांना दाखवा, प्रत्येक वेळी दोष प्रोस्टेटचाच नसतो, दिवसा पायात उतरलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर किडनीकडे येतं, असंही असतं.

घामाचं माप याहून सोपं. व्यायामाआधी लघवी करून कमीत कमी कपड्यांत वजन करा, तासभर व्यायाम करा, घाम पुसून कोरडं होऊन परत वजन करा. जेवढं किलो कमी भरलं तेवढे लिटर घाम गेला, मध्ये पाणी प्यायला असाल तर ते त्यात मिळवा. समजा वजन ७०० ग्रॅमने उतरलं आणि अर्धा लिटर पाणी प्यायला होतात, तर घाम गेला १.२ लिटर. तराजूवर कमी झालेलं ते वजन पाण्याचं आहे, चरबीचं नाही, ते पुढच्या काही तासांत हळूहळू पिऊन भरून काढा, तास-दोन तासांहून जास्त घाम गेला असेल तर थोडं मीठही पोटात जाऊ द्या.

पाणी किती, हा प्रश्न उरतोच. सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नसतो. निरोगी माणसाने तहान लागली की प्यावं, दुपारची लघवी फिकट पिवळी राहील इतकं प्यावं, पुरे. मुतखडा होऊन गेलाय त्यांचं वेगळं, त्यांनी दिवसाची लघवीच अडीच लिटरच्या आसपास होईल इतकं प्यायला हवं, आणि इथे तो मापाचा मग फार कामाला येतो कारण लोक पाण्याचे ग्लास मोजतात, लघवी मोजत नाहीत, आणि गरम हवेत प्यायलेलं अर्धं पाणी घामातच जातं. हार्ट फेल्युअर असलेल्यांनी आणि डायलिसिसवरच्यांनी डॉक्टरने ठरवून दिलंय तेवढंच प्यायचं, एक ग्लासही वर नाही. आणि कुणीही तासाला लिटरच्या वर पाणी तासन्‌तास रिचवत राहू नये, किडनी तासाला साधारण ८०० मिली ते एक लिटर एवढंच जास्तीचं पाणी बाहेर टाकू शकते, त्यावर गेलं की रक्तातलं सोडियम उतरतं, मेंदूला सूज येते, माणूस दगावूही शकतो.

पायावरची सूज बघायची असेल तर संध्याकाळी नडगीच्या हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धरा. काढल्यावर खड्डा तसाच राहिला तर मीठ आणि पाणी अंगात साठतंय. सकाळी उठल्या उठल्या डोळ्यांभोवती सूज दिसत असेल तर लघवीतलं प्रोटीन तपासायलाच हवं.

टेस्ट कुठल्या आणि सँपल कसं द्यायचं

लघवीची साधी टेस्ट चुकते ती बहुतेक वेळा सँपल घेतानाच. डबी लॅबचीच घ्या, घरातली औषधाची बाटली धुऊन आणू नका, त्यात साबणाचा अंश राहतो. जागा पाण्याने स्वच्छ करा, पहिली थोडी धार सोडून द्या, मधली डबीत धरा, शेवटची परत सोडून द्या, डबीच्या आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. तासाभरात लॅबला पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. पाळी चालू असेल तर ती संपल्यावर द्या, किंवा निदान सांगा तरी.

लॅबमध्ये आम्ही त्यात एक पट्टी बुडवतो, तिच्यावर लहान लहान चौकोन चिकटवलेले असतात, काढून कडेला टेकवून जास्तीचा थेंब निथळू द्यायचा आणि घड्याळ लावायचं. प्रोटीनचा पिवळा चौकोन हिरवट होत जातो, जितकं प्रोटीन जास्त तितका गडद. रक्ताच्या चौकोनावर कधी कधी पिवळ्यावर हिरवे ठिपके उमटतात, म्हणजे लाल पेशी अखंड आहेत, आणि सगळा चौकोन एकसारखा हिरवा झाला तर पेशी फुटलेल्या आहेत किंवा रक्त जास्त आहे किंवा मग ते मायोग्लोबिन आहे. नायट्राइटचा चौकोन गुलाबी झाला तर जंतू असण्याची दाट शक्यता. रक्तातली शुगर साधारण १८० च्या वर गेली की नळीला सगळं ग्लुकोज परत घ्यायला जमत नाही आणि ते लघवीत उतरतं, पण डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या लघवीत शुगर दिसणारच, ते औषधाचं कामच आहे, म्हणून चालू गोळ्यांची नावं सँपल देताना सांगत जा.

पण पट्टी थोडंसं प्रोटीन पकडत नाही, आणि किडनी बिघडायला लागते तेव्हा सुरुवातीला थोडंसंच जातं. त्यासाठी एसीआर म्हणून टेस्ट असते, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर, एकाच वेळच्या लघवीवर होते, ३० च्या खाली हवं. आणि रक्तातलं क्रिएटिनिन. इथे मला जोर देऊन सांगायचंय की नुसतं क्रिएटिनिन नॉर्मलच्या रेंजमध्ये आलं म्हणून निश्चिंत होऊ नका, किडनीचं काम निम्म्याच्या आसपास गेलं तरी तो आकडा रेंजच्या आत राहू शकतो, विशेषतः बारीक अंगाच्या आणि वयस्कर बायकांमध्ये कारण स्नायूच कमी असतात. रिपोर्टवर त्याच्या खाली ईजीएफआर लिहिलेलं असतं, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते त्याचा क्रिएटिनिन, वय आणि स्त्री-पुरुष धरून काढलेला अंदाज, ते बघा. ते ६० च्या खाली किंवा एसीआर ३० च्या वर असं तीन महिन्यांहून जास्त राहिलं तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. एकाच रिपोर्टवर खचून जायचं नाही, आदल्या दिवशी भरपूर मांस खाल्लेलं असलं, क्रिएटिनची पावडर चालू असली, जुलाब होऊन गेलेले असले तरी आकडा हलतो.

डायबेटिस किंवा बीपी असलेल्याने या दोन्ही टेस्ट वर्षातून एकदा कराव्यातच, किडनी फेल व्हायची सगळ्यात मोठी दोन कारणं हीच आहेत आणि दोन्हीत दुखत काहीच नाही. २४ तासांची लघवी गोळा करायला सांगितली असेल तर सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची, त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरून. एखादी चुकून टाकली गेली तर लॅबला सरळ सांगा आणि परत गोळा करा, अर्धवट सँपलवरून निघालेला आकडा दिशाभूल करतो.

रोजच्या सवयी

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, म्हणजे चहाचा एक चमचाही पूर्ण नाही, आणि त्यात पाकिटातल्या पदार्थांमधलं मीठही धरायचं. बीपी घरी मोजा.

अंगदुखीच्या गोळ्यांबद्दल मात्र थांबून वाचा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन या जातीच्या गोळ्या किडनीच्या आत येणारी रक्तवाहिनी आकसवतात. धडधाकट माणसाने एखाद दिवस घेतली तर बहुधा काही होत नाही, पण जुलाब-उलट्या चालू आहेत, किंवा उन्हात घाम गाळून अंगातलं पाणी उतरलंय, किंवा बीपीच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवायच्या गोळ्या आधीच चालू आहेत, अशात घेतली तर काही दिवसांत किडनी बसू शकते. वयस्कर माणसांच्या डब्यात या गोळ्या आहेत का ते आजच बघा आणि डॉक्टरला विचारा.

किडनी साफ करणारे काढे आणि पावडरी घेऊ नका. किडनी साफ करायला बाहेरून काही लागत नाही, आणि काही वनस्पतींमधलं ॲरिस्टोलोकिक ॲसिड किडनीच खाऊन टाकतं. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करायला घेतलेल्या गोळ्यांमधून हे पोटात गेलं आणि कितीतरी बायकांच्या किडन्या गेल्या, पुढे त्यातल्या काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला.

त्वचेसाठी करायचं ते थोडंच आहे. घाम आल्यावर अंघोळ, काख-जांघ-बोटांच्या बेचक्या कोरड्या, सैल सुती कपडे. घामोळं म्हणजे घामाच्या नळ्यांची तोंडं बंद झालेली असतात, त्यावर जाड क्रीम थापलं तर आणखी बंद होतात, अंग गार आणि कोरडं ठेवलं की दोन-चार दिवसांत बसतं. घाम रोखणारे डिओ लावले तर विष आत कोंडतं ही भीती बाळगू नका, काखेतून विष बाहेर जातच नव्हतं. पण उन्हात असताना घाम यायचा एकदम थांबला, अंग तापलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. काहींना उष्माघातात घाम चालूही असतो, म्हणून बोलण्यातला गोंधळ हेच मुख्य लक्षण धरा.

तसंच बारा तास लघवी झालीच नाही, किंवा लागलीय, ओटीपोट फुगून दुखतंय आणि उतरत नाहीये, किंवा लघवी कमी होऊन धाप लागतेय आणि तोंडावर सूज आलीय, तर सकाळची वाट बघू नका, रात्री असेल तर रात्री जा. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं, जुने क्रिएटिनिनचे रिपोर्ट आणि ती मोजमापाची वही पिशवीत टाका, ड्युटीवरच्या डॉक्टरला पहिला प्रश्न हाच पडतो की हा आकडा आजचा आहे की वर्षापासूनचा.